आंतरराष्ट्रीय विकास आणि शरणार्थी प्रश्न यांतलं पदव्युत्तर शिक्षण: कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गुहागर तालुक्यातली. याच विषयात परदेशात एम.ए. केलं, काही वर्षं पुनर्वसनाच्या कामात काढली आणि आता परत रत्नागिरी जिल्ह्यातच काम करते. रायगडपासून सावंतवाडीपर्यंतची मुलं आणि त्यांचे आईवडील जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. अर्जाच्या तारखा आणि अटी दरवर्षी बदलतात. त्या मात्र त्या त्या संस्थेच्या पानावरच बघा.

१. यात नक्की शिकवतात काय? एम.एस.डब्ल्यू. आणि हे एकच का?

एक नाही. एम.एस.डब्ल्यू. म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, तिच्यात माणसाबरोबर, कुटुंबाबरोबर, वस्तीबरोबर काम कसं करायचं याचं प्रशिक्षण मिळतं. विकास अभ्यासात आधी हे बघतात की गरिबी मोजायची कशी, पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो, धरण झालं की वीज कोणाला मिळते आणि जमीन कोणाची जाते. महबूब उल हक आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांतून १९९० मध्ये मानव विकास निर्देशांक आला, २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरली. अशा गोष्टींची चिकित्सा इथे होते. शरणार्थी अभ्यासात कायदा, राज्यशास्त्र आणि मानववंशशास्त्र एकत्र येतात: माणसं का पळतात, सीमेवर त्यांचं काय होतं, छावणी कोण चालवतं, परत जाणं शक्य आहे का. बऱ्याच विद्यापीठांत विकास अभ्यासाची मुख्य पदवी असते आणि त्यात शरणार्थी व स्थलांतर हा निवडीचा भाग असतो. काही थोड्या ठिकाणी शरणार्थी अभ्यासाचीच स्वतंत्र पदवी मिळते.

२. शरणार्थी, निर्वासित, विस्थापित, स्थलांतरित, प्रकल्पग्रस्त. सगळे एकच ना?

बोलताना आपण सरमिसळ करतो. अभ्यासात ती चालत नाही, कारण कोणता शब्द लागला यावर माणसाचे हक्क ठरतात.

शरणार्थी म्हणजे १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत बसणारा माणूस. तो स्वतःच्या देशाबाहेर असला पाहिजे आणि त्याला छळाची साधार भीती असली पाहिजे. त्या छळाचं कारणही पाचांपैकी एक असावं लागतं: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत. मूळ करार १ जानेवारी १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता, १९६७ च्या पूरक कराराने ती मर्यादा काढली. भूक, बेकारी, दुष्काळ हे शब्द या व्याख्येत नाहीत.

घर सुटलं पण देशाची सीमा ओलांडली नाही, तर तो अंतर्गत विस्थापित. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती करारासारखी बंधनकारक नाहीत. धरण, बंदर, रस्ता यांसाठी जमीन गेली तर आपल्याकडे प्रकल्पग्रस्त म्हणतात. त्यासाठी महाराष्ट्राने १९७६ मध्येच स्वतंत्र कायदा केला, सध्याचा १९९९ चा आहे. रोजगारासाठी गेलेला तो स्थलांतरित, मग तो मुंबईचा चाकरमानी असो की कुवेतला गेलेला खेडचा ड्रायव्हर.

‘निर्वासित’ हा शब्द मराठीत फाळणीच्या वेळी रुळला. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी कुटुंबं आली आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. त्या पिढीसाठी निर्वासित म्हणजे आपल्याच देशात आलेला, कागदावर नागरिक असलेला, पण घरदार गमावलेला माणूस. आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या शरणार्थ्याशी हा शब्द तंतोतंत जुळत नाही. मराठीत लिहिताना हे भान ठेवा.

३. कोकणात कुठे आलेत शरणार्थी? आमच्या मुलांनी हे का शिकायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून याचं उत्तर सविस्तर देते.

आपला किनारा माणसं येण्या-जाण्याचाच किनारा आहे. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्रायली समाज आपलं मूळ मानतो. जहाज फुटलं आणि सात जोडपी किनाऱ्याला लागली, अशी त्यांची परंपरेने चालत आलेली आठवण आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. घाट चढून गेलात तर कोल्हापूरजवळ वळिवडे लागतं. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून सुटलेल्या सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी तिथे १९४३ ते १९४८ या काळात होती. ते गेल्यावर त्याच जागी सिंधी निर्वासित आले, ते आजचं गांधीनगर.

आपल्याच माणसांचं विस्थापन तर दाराशी आहे. कोयनेच्या शिवसागरात गावं बुडाली तेव्हा काही कुटुंबं घाट उतरून कोकणात वसवली गेली. न्हावाशेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. त्यासाठी शेवा कोळीवाडा उठवून उरणजवळ हनुमान कोळीवाडा वसवला, आणि तिथल्या घरांना वाळवी लागली. त्या लोकांचा लढा कित्येक दशकं चालला.

मायकेल सर्निया या समाजशास्त्रज्ञाने विस्थापनातले आठ धोके मांडले आहेत: जमीन जाणं, काम जाणं, घर जाणं, समाजात खाली ढकललं जाणं, अन्नाची शाश्वती जाणं, आजारपण वाढणं, सामायिक साधनं हातची जाणं आणि समाजाची वीण उसवणं. माझ्या वर्गात ही यादी फळ्यावर आली तेव्हा इतर मुलं लिहून घेत होती. मला मात्र मासळी सुकवायची जागा, जाळी पसरायची पुळण, होळीचा माळ असं एकेक दिसत होतं. सात-बाऱ्यावर यातलं काहीच नसतं, त्यामुळे त्याची भरपाईही नसते. ‘सामायिक साधनं’ म्हणजे काय हे कोळीवाड्यातल्या मुलीला कोणी समजावून सांगावं लागत नाही. तिने जगभरच्या चर्चेत बसलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

४. थिबा राजा शरणार्थी होता का?

रत्नागिरीचं प्रत्येक मूल हे विचारतं, आणि व्याख्या समजायला याहून चांगलं उदाहरण नाही. तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात १८८५ मध्ये त्याचं राज्य गेलं. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं, १९१० मध्ये आज थिबा पॅलेस म्हणतात तो वाडा बांधून झाला आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. पण तो पळून आश्रयाला आला नव्हता, इंग्रजांनी त्याला उचलून आणून ठेवला होता. तो स्थानबद्ध, हद्दपार राजा. शरणार्थी आश्रय मागतो, हद्दपार माणसाला कुठे राहायचं हेच दुसरा ठरवतो. घर दोघांचंही सुटतं, पण कायद्याच्या नजरेत दोघं वेगळे.

५. मग आंब्याच्या बागेतले आणि बोटीवरचे नेपाळी?

ते स्थलांतरित कामगार. १९५० च्या भारत-नेपाळ मैत्री करारामुळे त्यांना इथे राहायला आणि काम करायला परवानगी लागत नाही. त्यांचे प्रश्न खरे आहेत: बोटीवरची सुरक्षितता, बागेतल्या खोपीत राहणारी मुलं, बुडणारी मजुरी. पण त्यांची उत्तरं कामगार कायद्यात शोधायची, शरणार्थी कायद्यात नाही. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांचंही तसंच. ते तर नागरिक आहेत आणि महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहेत. प्रबंधासाठी हे विषय उत्तम आहेत. फक्त शब्द चुकवू नका.

६. भारतात कुठे शिकता येईल?

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, म्हणजे टिस. १९३६ पासूनची ही संस्था देवनारला आहे, आणि ग्रामीण विकासाकडे ओढा असेल तर तिची तुळजापूरची शाखा बघा. देवनारलाच आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिथे स्थलांतर आकड्यांतून शिकता येतं. ज्यांचं गणित बरं आहे त्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ विकास विषयात एम.ए. देतं. अर्थशास्त्राकडून यायचं असेल तर तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आहे. घर सोडता येत नसेल तर इग्नूचं विकास अभ्यासाचं एम.ए. आहे.

शरणार्थी विषयाची पूर्ण पदवी आपल्याकडे मिळणं कठीण. कोलकात्याचा कलकत्ता रिसर्च ग्रुप सक्तीच्या स्थलांतरावर गेली अनेक वर्षं अभ्यासवर्ग घेतो. माझा सल्ला: आधी भारतातून विकास अभ्यास करा, प्रबंध विस्थापनावर लिहा, आणि मग हवं तर बाहेर जा.

७. परदेशात कोणत्या जागा बघाव्यात?

ऑक्सफर्डचं रेफ्युजी स्टडीज सेंटर १९८२ मध्ये बार्बरा हॅरेल-बॉंड यांनी सुरू केलं. तिथली मास्टर्स अवघी नऊ महिन्यांची आहे, म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. विकास अभ्यासासाठी ससेक्सचं इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज आणि हेगचं इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज या जुन्या, भक्कम जागा. टोरंटोच्या यॉर्क विद्यापीठात शरणार्थी अभ्यासाचं केंद्र आहे. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठात स्थलांतर आणि शरणार्थी हा विषय आहे, आणि शरणार्थी जिथे खरोखर राहतात त्या शहरात बसून तो शिकता येतो. आपल्याकडे सगळे लंडनच धरून बसतात, म्हणून कैरोचं नाव मी मुद्दाम घेते.

८. मी बी.कॉम. आहे, मैत्रीण फिशरीजची. चालेल का?

बहुतेक ठिकाणी चालतं. गुण आणि विषयाशी जोडणारा धागा दोन्ही लागतात. मत्स्यशास्त्राच्या मुलीने पर्ससीन नेटवाले (यांत्रिक बोटींची मोठी जाळी वापरणारे) आणि पारंपरिक रापणकर (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) यांच्या भांडणावर लिहिलं तर तो शुद्ध विकास अभ्यासच आहे. शरणार्थी कायदा हा विषय घेऊन एलएल.एम. करायचं असेल तर मात्र कायद्याची पदवी लागते.

९. माझं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय. निभेल का?

माझंही दहावीपर्यंत मराठीतूनच. पहिले तीन महिने जड गेले, खोटं कशाला सांगू. आठवड्याला तीनशे पानं वाचायची आणि वर्गात बोलायचं, यातलं बोलणं अवघड होतं. इंग्रजीची परीक्षा पास होणं ही सोपी पायरी आहे. खरी तयारी अशी करा: रोज एक लेख वाचा आणि त्यातला युक्तिवाद मराठीत पाच ओळींत लिहा. मराठीत पाच ओळी जमल्या नाहीत, तर लेख समजलेला नाही. इंग्रजीचा त्यात दोष नसतो.

मराठीचा उपयोगही होतो. प्रत्यक्ष मुलाखती घेताना दुभाषी लागत नाही, आणि हिंदीही येत असते. कोकणी मुसलमान घरांतल्या मुलांना अरबी लिपी वाचता येते. तिला बोलण्याच्या अरबीची जोड दिली तर पुढे फार उपयोग होतो, कारण संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांत अरबी आहे.

१०. खर्च आणि शिष्यवृत्तीचं काय?

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. आदिवासी विकास विभागाची आणि बहुजन कल्याण विभागाची वेगळी योजना आहे. संस्थेची जागतिक क्रमवारी, वय आणि उत्पन्न यांच्या अटी नीट वाचा. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, ते बाबासाहेब १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. या वाटेवर आपण पहिले नाही.

सर्वांसाठी: ब्रिटनची चेव्हनिंग. तिला २,८०० तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं असतं. डाड (DAAD) या जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक शिष्यवृत्ती, तिलाही दोन वर्षांचा अनुभव लागतो. १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा एंडोमेंट कर्जरूपाने मदत करतो.

आणि एक कोकणी अडचण. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसासाठी ठरलेली रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते. आंब्याचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो आणि तो खतवाल्याला, बागेतल्या माणसांना, सोसायटीला वाटून जातो. २८ दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घरच्यांना हे आधीच, हंगामाआधी सांगा.

११. कागदपत्रांत लोक कुठे अडकतात?

नावात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं, पुढे आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. माझ्या एका कागदावर वडिलांच्या नावापुढे ‘राव’ होतं, दुसऱ्यावर नव्हतं. त्यापायी प्रतिज्ञापत्र करून घेण्यात जुलैचा अख्खा महिना गेला. सगळे कागद एकाखाली एक ठेवून अक्षरन् अक्षर जुळवा, आणि हे अर्जाच्या वर्षभर आधी करा.

१२. अनुभव कुठून आणू? इथे तर एकही मोठी संस्था नाही.

संस्थेचं नाव मोठं असण्याची गरज नाही. चेव्हनिंगसारख्या ठिकाणी बिनपगारी कामही धरतात. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. त्यानंतर एका शाळेत तात्पुरता निवारा होता, तिथे मी वाटपाला होते. माझ्याबरोबर बी.कॉम.चा एक मुलगा होता. त्याला मी मदतकार्याचे स्फिअर निकष सांगितले: माणशी किमान साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, दिवसाला किमान १५ लिटर पाणी, २० माणसांमागे एक शौचालय. त्याने गवंड्याकडून टेप आणली आणि चिखलातून वर्ग मोजला. २० फूट बाय २० फूट, म्हणजे दहा माणसांची जागा. झोपत होती ४२. मग त्याने शौचालयं मोजली, पाण्याचे ड्रम मोजले, कोणत्या वर्गात बाळंतीण आहे ते लिहिलं, रात्री बायकांना अंधारातून किती पावलं चालावं लागतं तेही. शंभर पानी वही होती, कडेला ओल आलेली.

पुढे त्याने अर्जाचा निबंध त्या वहीवरूनच लिहिला. त्याला प्रवेश मिळाला.

तळिये, इर्शाळवाडी, निसर्ग वादळ, तिवरे धरण: दुर्दैवाने आपल्याकडे अशी कामं दरवर्षी निघतात. मदत वाटा, आणि वाटताना मोजा, लिहा, तारीख टाका.

१३. अर्जाच्या निबंधात काय लिहू?

‘मला गरिबांची सेवा करायची आहे’ हे वाक्य काढून टाका. भावना खरी असेल, पण निवड करणाऱ्याला त्यातून तुम्ही दिसत नाही. एक प्रसंग, त्यात तुम्हाला न सुटलेला एक प्रश्न, आणि तो याच विद्यापीठात का सुटेल, एवढं लिहा. बाकी प्रश्न १२ मधली वही.

१४. भारताने १९५१ च्या करारावर सहीच केलेली नाही. मग हे शिकून इथे उपयोग काय?

सही नाही, १९६७ च्या पूरक करारावरही नाही, आणि शरणार्थ्यांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. म्हणूनच जाणकार माणसं लागतात. तिबेटी आणि श्रीलंकेचे तमिळ यांची व्यवस्था सरकार बघतं, तर अफगाण, रोहिंग्या वगैरेंची नोंदणी दिल्लीतलं संयुक्त राष्ट्रांचं शरणार्थी कार्यालय करतं. पण कायद्यापुढे सगळे ‘परदेशी नागरिक’. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली आहे.

तरी आधार आहे. संविधानाच्या कलम २१ मध्ये ‘नागरिक’ नाही, ‘व्यक्ती’ हा शब्द आहे. त्यावर बोट ठेवून सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलमधल्या चकमा शरणार्थ्यांना संरक्षण दिलं. आणि हे सगळं दिल्लीतच घडतं असं नाही. गोंदिया जिल्ह्यात तिबेटी वसाहत आहे, गडचिरोलीत पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली गावं आहेत.

१५. खाडीचं पाणी शेतात शिरून आमची जमीन नापीक झाली. आम्ही ‘हवामान शरणार्थी’ का?

कायद्याने नाही. प्रश्न २ मधल्या पाच कारणांत समुद्र नाही, आणि तुम्ही सीमा ओलांडलेली नाही. किरिबाटी बेटावरच्या योआने तेतिओता यांनी याच मुद्द्यावर न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला होता, तो नाकारला गेला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनेही त्यांच्या बाजूने निकाल दिला नाही. मात्र २०२० मध्ये जाहीर झालेल्या त्या निर्णयात समितीने म्हटलं की हवामानबदलामुळे जिवाला धोका असेल तिथे माणसाला परत पाठवणं जगण्याच्या हक्काचा भंग ठरू शकतो. दार किलकिलं झालंय, इतकंच.

तुमच्यासाठी खारबंदिस्तीची, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाची, दुरुस्ती आणि नुकसानीचा पंचनामा ही जवळची वाट आहे. मोठा शब्द वापरला की हक्क मिळतो असं नाही. कधीकधी तहसीलदाराच्या टेबलावरचा छोटा शब्दच कामाला येतो.

१६. माझ्याच गावातल्या प्रकल्पविरोधी आंदोलनावर प्रबंध लिहू का?

लिहा, पण तुम्ही कोण आहात हे पहिल्या पानावर सांगून. जैतापूर असो की बारसू, गावात समर्थकही असतात. कोणी जमीन विकलेली असते, कोणाचा मुलगा ठेकेदाराकडे कामाला असतो. त्यांच्या पडवीतही बसावं लागेल. नावं बदला, आणि वाडीचं नावही बदला. आपल्याकडे ‘विहिरीजवळचं घर’ म्हटलं तरी माणूस ओळखू येतो. मुलाखतीत कोणाला रडू आलं तर वही मिटा. तो दिवस तुमच्या प्रबंधाचा नाही.

१७. संयुक्त राष्ट्रांत नोकरी लागते का?

लागते, पण थेट क्वचित. तरुणांसाठीच्या बऱ्याच जागांचा पैसा श्रीमंत देश देतात आणि त्या त्यांच्याच नागरिकांना मिळतात. आपल्यासाठी संयुक्त राष्ट्रांचे स्वयंसेवक, देशांतर्गत पदं आणि त्याआधी स्थानिक संस्थांतली दोन-चार वर्षं असा रस्ता असतो. करार सहसा अल्पमुदतीचे असतात. घरचं कर्ज फेडायचं असेल तर हे आधी विचारात घ्या.

१८. मुलीला एकटीला छावण्यांत पाठवायचं म्हणजे भीती वाटते. एका आईचा प्रश्न.

काकू, तुमची भीती मला समजते, माझ्या आईलाही होती. शिकत असताना विद्यापीठ धोक्याच्या जागी जाऊ देत नाही. सुरक्षेचा अर्ज भरून मंजुरी घ्यावी लागते. पुढच्या कामातही बराच भाग कार्यालयात, आकड्यांत आणि अहवालांत असतो. आणि छावणीतल्या बायका पुरुष अधिकाऱ्याला जे सांगत नाहीत ते तुमच्या मुलीला सांगतील.

१९. शिकून परत कोकणात आले तर काम आहे?

आहे. पगार मुंबईपेक्षा कमी, हे आधीच सांगते. दरडीखालच्या वाड्यांचं स्थलांतर, धरणग्रस्तांच्या प्रलंबित नोंदी, महामार्गात गेलेली घरं, बंदरांमुळे हटलेले कोळीवाडे या सगळ्याला कायदा वाचणारी आणि मराठीतून बोलणारी माणसं लागतात.

मागच्या वर्षी एका वाडीच्या पुनर्वसनाचा नकाशा बघायला गेले होते. घरं सरळ रांगेत, रस्ता, दिवे, समाजमंदिर, सगळं आखलेलं. शेजारी बसलेल्या आजींनी बराच वेळ कागदावर बोट फिरवलं आणि विचारलं, ‘गुरां खय बांधायची?’ गोठा एकाही घराला नव्हता. आम्ही ग्रामसभेचा ठराव लिहिला, प्रत्येक घरामागे गोठ्याची आणि परसाची जागा मागितली. सध्या तो प्रस्ताव जिल्ह्याच्या कार्यालयात आहे आणि दर सोमवारी मी फोन करते.